टेकाळे सरांची रुई

टेकाळे सर स्टाफरूममध्ये आहेत की नाहीत, हे नुसतं बघून कधी कळलं नाही. विचारावं लागे. मग जुन्या लोखंडी कपाटाशेजारून आवाज येई, "हाय की." कपाट मातकट होतं आणि सर कपाटाहून मातकट. त्यांच्याकडे एकूण पाच शर्ट असावेत: एक ओल्या मातीच्या रंगाचा, एक वाळलेल्या मातीच्या, आणि उरलेले तीन या दोन्हींच्या मधले. एकदा विद्यापीठातून कुणी परीक्षेच्या कामासाठी आले, अर्धा तास त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "प्राणिशास्त्राचे सर आले की कळवा."

परभणीहून गंगाखेडकडे जाताना रस्त्याला लागून आमचं कॉलेज आहे. नेमकं कुठे ते सांगणार नाही. का सांगत नाही ते पुढे कळेल. टेकाळे हेही त्यांचं खरं नाव नव्हे. लपून राहणं हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे या लपवाछपवीला त्यांची हरकत नसावी.

सर मूळचे देवगाव फाट्याकडचे. गाव कोणतं विचारलं की म्हणत, "फाटा. लोक तिथं उतरतात, पण दुसरीकडं जायला." वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे आणि व्हरांड्यात आली की चपला काढल्यासारखी मोकळी होई. अभ्यासक्रमातलं सगळं ते शिकवत, पण जीव एकाच प्रकरणात होता: प्राणी दुसऱ्याच्या पोटात जायचं कसं टाळतात. "जगात दोनच धंदे हायेत," ते म्हणत. "खाणं आन् खाल्लं न जाणं. पहिला सगळ्यांनाच येतो. अक्कल लागती ती दुसऱ्याला."

या दुसऱ्या धंद्याच्या हिशेबाने त्यांनी सगळ्या स्टाफची वर्गवारी केलेली होती. परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणजे काम दिसताच पाय आखडून मेल्याचं सोंग घेणारा भुंगा. प्राचार्य म्हणजे अंगात हवा भरून दुप्पट दिसणारा बेडूक. मी इतिहास शिकवतो. मला वाटलं, मला काहीतरी बरं मिळेल. "तुमी पाल," सर म्हणाले. "वादात अडचण आली की शेपूट टाकून पळता. शेपूट वळवळत ऱ्हातं, लोक त्याच्याकडंच बघत बसतात." मी लगेच चहाचा विषय काढला.

स्वतःला ते कशातच धरत नसत. "ज्याच्याजवळ विष न्हाई त्यानं मातीवानी ऱ्हावं," एवढंच म्हणत.

दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एकच शब्द लिहीत: 'पुरावा?' तो पुसायची परवानगी कुणालाच नव्हती. इतर विषयांचे तास त्या खोलीत होत, तेव्हाही तो शब्द तिथेच असे. मी त्या फळ्यावर इतिहास शिकवला आहे, त्यामुळे तो शब्द पाठीला कसा टोचतो ते मला ठाऊक आहे.

एका सप्टेंबरात प्राचार्यांच्या दालनात साप निघाला. प्राचार्य टेबलावर चढले, हेडक्लार्क खुर्चीवर, आणि प्रयोगशाळेचा परिचर शेषराव काठी घेऊन दारात उभा राहिला. सापाच्या अंगावर मण्यारीसारखे पांढरे पट्टे होते. सर आले, शेषरावाच्या हातातली काठी खाली केली आणि सापापुढे उकिडवे बसले.

"पट्टे बगा. मण्यारीचे पट्टे शेपटीकडं ठळक ऱ्हातात आन् मानेजवळ गायब होतात. ह्याचे मानेपासनंच सुरू झालेत. म्हंजे हा कवड्या. विष थेंबभर न्हाई. मण्यारीची नक्कल करून दिवस काढायलाय बिचारा."

"सर, व्याख्यान नंतर!" प्राचार्य वरून ओरडले.

"हीच येळ हाय सर. नंतर कोण लक्ष देतंय?"

त्यांनी साप उचलला. सापाने कृतज्ञता म्हणून बोटाला कडाडून चावा घेतला. सरांनी त्याला नाल्यापलीकडे सोडलं, नळावर रक्त धुतलं आणि मला म्हणाले, "नक्कल करणाराचं हेच दुखणं. सोंग लय झकास वठलं की लोक काठी आणतात."

या माणसाचा खरा संसार प्रयोगशाळेच्या मागे होता. कंपाउंडची भिंत आणि नाला यांच्यामध्ये मुरमाड जागा होती. तिथे कुणी न लावलेली, कुणाला नको असलेली रुईची चाळीसेक झाडं. शेळ्याही रुईला तोंड लावत नाहीत. सरांनी प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर बांधला होता. मध्यभागी गुडघाभर उंचीचा एक दगड होता. त्यावर बसून सर अठरा वर्षं वहीत लिहीत होते. किती अंडी, किती अळ्या, कोणत्या पक्ष्याने कशाला चोच मारली. मी त्यांना पहिल्यांदा तिथे शोधायला गेलो तेव्हा दगडच बोलला असं वाटलं.

रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात. लपण्याचा जराही प्रयत्न नाही. पानाच्या मधोमध बसून खात असतात. "रुईचा चीक विषारी. अळी तो खाती आन् अंगात साठवती," सरांनी मला समजावलं. "मग तिचं फुलपाखरू होतं. बिबळ्या कडवा. नारिंगी, काळी किनार, पांढरे ठिपके. उडतं कसं बगा. घाईच न्हाई. घोड्यावरच्या नवरदेवावानी चाललंय. कारण त्याला मालूम हाय, खाणारा ओकंल."

"पण पक्ष्याला कसं मालूम?"

"न्हाई मालूम. हरेक पिलाला एकदा ओकावंच लागतंय. एकदा ओकलं की जल्मभर नारिंगी रंग बघून लांब ऱ्हातं. त्या एका ओकारीवर बाकीची हजार फुलपाखरं जगतात."

मी विचारलं, कडवट असतं हे कशावरून? सरांनी वहीचं पान उलटलं. उत्तर त्यांच्या घरी मिळालं. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "माझ्या हातचं कारलं कधी खाल्लं न्हाई ह्यांनी. आन् फुलपाखरू खाऊन आले. दोन दिवस न्हाणीच्या दारात बसून होते."

"सबंध न्हाई खाल्लं," सर म्हणाले. "अर्धंच." फळ्यावरचा तो शब्द त्यांनी स्वतःलाही लावून घेतलेला होता.

त्या रुईवर आणखी एक पात्र येई, आणि सरांचा सगळा राग-लोभ त्याच्यावर होता. चांदवा नावाच्या फुलपाखराची मादी. तिचा नर काळा, पंखांवर चंद्रासारखे पांढरे डाग. पण मादीने मात्र हुबेहूब कडव्याचं रूप घेतलेलं. तीच नारिंगी, तीच किनार. अंगात विष काडीचं नाही. तिच्या अळ्या आपण भाजी करून खातो ती घोळ खाऊन वाढतात. पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. "खाणं घोळीचं, थाट रुईचा!" सर कौतुकाने म्हणत आणि लगेच बजावत, "पण ह्यात एक अट हाय. नकली थोडे आन् खरे जास्त, तवरच हे चालतंय. नकली वाढले की पाखरांचा धाक मोडतो. मग खरेबी मरतात."

'खाणं घोळीचं' ही म्हण त्यांनी फार वापरली. संस्थेचे अध्यक्ष यायचे तेव्हा दोन गाड्या पुढे, एक मागे, आणि भोंगा असा वाजे की फाटकातली कुत्री उठून उभी राहत. सर खिडकीतून पाहत आणि पुटपुटत, "घोळ. सगळी घोळ."

सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार असं ठरलं. कॉलेजला रंग लागला, झाडांच्या बुंध्यांना चुना लागला. आणि प्राचार्यांनी जाहीर केलं की मागची रुई जेसीबीने काढून तिथे फुलपाखरू उद्यान करायचं. फरशा, कारंजं, आणि मधोमध सिमेंटचं आठ फुटी फुलपाखरू, ज्याच्या पंखांपुढे उभं राहून फोटो काढता येईल.

"सर, फुलपाखरं तिथं हायेतच," टेकाळे म्हणाले.

"ती दिसत नाहीत ना पण," प्राचार्य म्हणाले. "समितीला दिसायला हवं."

सरांनी तीन अर्ज दिले. त्यांना अठरा वर्षांच्या वह्यांमधले तक्ते जोडले. पहिल्यावर शेरा आला, 'नोंद घेतली.' दुसऱ्यावर, 'सदर वनस्पती शोभिवंत नाही.' तिसऱ्यावर शेरा नव्हता, चहाचा डाग होता. जेसीबी सोमवारी यायचा होता. शुक्रवारी मी सरांना दगडावर बसलेलं पाहिलं. वही मिटलेली होती. मी त्यांना वही मिटून बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पुरावा दिला," ते म्हणाले. "पुराव्याला कुणी भ्यालं न्हाई."

सोमवारी जेसीबी आला. ड्रायव्हरने यंत्र आत घातलं, थांबवलं, खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडले. झाडांच्या मध्ये सरांचा दगड शेंदराने लालभडक झालेला होता. तेलाचा ओघळ अजून ताजा होता. वर रुईच्या पानांची माळ.

"साहेब, हितं द्येव हाय."

"शुक्रवारपर्यंत नव्हता!" प्राचार्य म्हणाले.

"मग निघाला आसंल. माझी लेकरं ल्हान हायेत साहेब. दुसरा कुणी बगा."

दुसरा कुणी मिळाला नाही. दुपारी अध्यक्ष तीन गाड्यांसह आले, दगडापुढे नारळ फोडला आणि प्राचार्यांना म्हणाले, "इथं मारुती आहे आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

प्राचार्यांच्या अंगातली हवा क्षणभर गेली आणि पुन्हा भरली. "फार जुनं स्थान आहे साहेब. इतिहासाच्या सरांना माहिती आहे."

सगळे माझ्याकडे वळले. "संशोधनाचा विषय आहे," मी म्हणालो, आणि शेपूट तिथे वळवळत ठेवून ग्रंथालयात गेलो.

उद्यान पुढच्या बाजूला हललं. रुई वाचली. ज्याच्यासाठी ती वाचली तो माणूस मात्र प्रयोगशाळेत शेषरावाला धारेवर धरत होता.

"मला न विचारता?"

"इचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हणला आसता," शेषराव म्हणाला. "म्हणून न्हाई इचारलं."

"पण हे खोटं हाय, शेषराव!"

"तुमीच पोरांला शिकवता, चांदवी सोंग घिऊन जगती म्हणून. ती काय कुणाला इचारून घेती का?"

तीस वर्षांत सरांना वर्गात निरुत्तर झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. परिचराने ते करून दाखवलं. वर तो शांतपणे म्हणाला, "आन् मारुतीला खोटं म्हणू नका. तुमच्या बुडाखाली होता तवा दगड होता. आता न्हाई."

सरांनी खरं सांगून टाकायचं ठरवलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी दगडावर बसणंही सोडलं. मुरमावर वर्तमानपत्र अंथरून बसू लागले.

आता खरी गंमत पुढे आहे, आणि ती आमच्याकडेच होऊ शकते. मारुती म्हटला की शनिवार आला. शनिवार आला की मारुतीला रुईच्या पानांची माळ आली. इतर देवळांत माळ करायची तर रुई शोधत हिंडावं लागतं. इथे देवाच्या दोन्ही हातांना रुईच रुई. पहिल्या शनिवारी पाचजण आले, तिसऱ्याला पन्नास. परीक्षा जवळ आल्यावर आमचे विद्यार्थी आले, त्यात सरांच्या वर्गातलेही होते. ज्या देवाने झाडं वाचवली त्याच्याच गळ्यात ती झाडं पान-पान करून जाऊ लागली. दोन महिन्यांत नंबरचे पत्रे उघड्या काड्यांवर लोंबू लागले. पानांखालची अंडी, पानांवरच्या अळ्या, सगळं माळेत ओवलं जाई. सर शनिवारी संध्याकाळी जाऊन देवाच्या गळ्यातल्या अळ्या पेनच्या टोकाने उचलून उरलेल्या पानांवर ठेवत.

"जेसीबी एकदाच आला आसता," ते मला म्हणाले. "हा दर शनिवारी यायलाय."

तेव्हाच्या एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर होतो. पलीकडच्या माळावर मेंढरं घेऊन येणाऱ्या कोंडाबाई माळ घालायला आल्या. सत्तरीच्या पुढच्या, कानांनी तिखट आणि जिभेने त्याहून. सर अळ्या उचलत होते ते त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"मास्तर, द्येवाच्या अंगावरचे किडे कामून येचायलास?"

"मरतील, मावशे."

"मग तुला काय त्याचं?"

सरांनी पुढची अळी उचलली. कोंडाबाईंनी माळ पुढे केली आणि थबकल्या. "आरं, नवा द्येव हाय म्हणून इचारते. आमच्या माळावरच्या म्हसोबाला त्याल चालत न्हाई. वस्तीवरच्या आईला हिरवी चोळी चालत न्हाई. हरेकाचं काय ना काय आसतंय. ह्याला काय चालत न्हाई?"

मी सरांकडे पाहिलं. हातात पेन होतं, पेनच्या टोकाला पट्ट्यांची अळी होती. ती आपलं डोकं हवेत फिरवून पान शोधत होती. अठरा वर्षांच्या वह्या, तीन अर्ज, फळ्याच्या कोपऱ्यातला तो शब्द, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं.

"रुई," सर म्हणाले.

"काय?"

"ह्याला तोडलेली रुई चालत न्हाई. झाडावरचीच पायजे. ह्या अळ्या त्याच्या राखणीला हायेत."

मला वाटलं, आता बाई विचारणार, कशावरून? कोंडाबाईंनी कानांच्या पाळ्यांना हात लावला. "आगं माय! आन् आमी आठवड्याला वरबाडायलो!" हातातली माळ त्यांनी झाडाच्या बुडाशी ठेवली, झाडाची माफी मागितली, आणि ज्या वेगाने निघाल्या त्यावरून बातमी पुढच्या बाजारापर्यंत ताडकळसला पोचणार हे दिसत होतं.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतिहासवाले, हे लिहून ठिऊ नका."

पुढच्या शनिवारी पानं निम्मीच तुटली. उरलेली निम्मी वाचवायचं काम नकळत हेडक्लार्कने केलं. "असला कसला मारुती, ज्याला रुई चालत नाही?" असं म्हणून त्यांनी चारचौघांत पान तोडलं आणि थोड्या वेळाने त्याच हाताने डोळा चोळला. रुईचा चीक डोळ्यात जाणं वाईटच. सरांनी स्वतः त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, दोन तास थांबले, थेंब घालून घेतले. डोळा बरा झाला, पण आठवडाभर शेंदरासारखा लाल होता आणि हेडक्लार्क तो घेऊन गावभर फिरत होते. त्यानंतर पानाला कुणी हात लावला नाही.

"चिमणी ओकली," एवढंच सर म्हणाले. आनंदाने नाही म्हणाले.

समिती आली आणि सिमेंटच्या फुलपाखरापुढे फोटो काढून गेली. पुढे सर निवृत्त झाले. निरोप समारंभात अध्यक्षांनी भाषणात त्यांना 'मारुतीचे निस्सीम भक्त' म्हटलं. सर खाली मान घालून बसले होते. त्यांच्या शेवटच्या तासाला मी मागच्या बाकावर होतो. तास संपल्यावर त्यांनी डस्टर घेतलं आणि फळ्याच्या कोपऱ्यातला तो शब्द स्वतःच्या हाताने पुसायला गेले. अर्ध्यात थांबले. प्रश्नचिन्ह तेवढं राहिलं. ते अजून तिथे आहे.

मलाही नंतर संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात पाठवलं. सरांना शेवटचं पाहिलं ते बसमधून. शनिवार होता, ऊन चढलं होतं. गंगाखेडच्या बाजूने उसाच्या गाड्या येत होत्या, म्हणून एसटी नाल्याच्या वळणावर, कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी खोळंबली. भिंतीवरून रुई दिसत होती, पुरुषभर वाढलेली, जांभळ्या फुलांनी भरलेली. आणि तिच्यात सर होते. या वेळी शोधावं लागलं नाही. मातीच्या रंगाच्या शर्टावर त्यांनी खांद्यांवरून नारिंगी उपरणं घेतलं होतं, इतकं भडक की बसमधल्या दोघांनी तिकडे बघून नमस्कार केला. उपरण्याला काळी किनार होती. ती काळी किनार योगायोग होती, असं मी मानत नाही.

मोटारसायकलवरचा एक तरुण थांबला, आत आला, दगडापुढे वाकला आणि सवयीने पानाकडे हात नेला. मग त्याला उपरणं दिसलं. हात तिथल्या तिथे मागे आला. त्याने घाईघाईने दुरूनच पाया पडून गाडीला किक मारली.

सरांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं. ते मुरमावर वर्तमानपत्र अंथरून बसले होते आणि वहीत काहीतरी मोजून लिहीत होते.